समोरची काच

भानुदास गेल्याचे मला भिंगारच्या पिठाच्या गिरणीत कळले. माझा डबा खाली ठेवता ठेवता गिरणीवाल्याने, मला ठाऊक असणारच अशा सुरात, ते सांगितले. मला ठाऊक नव्हते. दळण तेथेच ठेवून त्यांच्या घरी पोहोचलो, तोवर मंडळी अंत्यविधी उरकून परतलीही होती. या गोष्टीला दीड महिना होत आला. दरम्यान दोनदा लिहायला बसलो आणि उठलो...

भानुदास मूळचे पुणतांब्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी भिंगारला लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत काचा बसवीत राहिले. पुढे तेच काम घराच्या अंगणात करीत. त्यांच्या मुलीला मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते, म्हणून ते मला ‘मास्तर’ म्हणत. तीस वर्षांच्या त्या ओळखीला मैत्री म्हणावे की नाही, हे आम्ही कधी ठरवले नाही.

त्यांचे काम मी पुष्कळदा उभे राहून पाहिले आहे. जुनी काच काढताना इतर लोक आतून पायाने रेटतात. भानुदास बाहेरून रबर कापून काढीत; रबर नवे मिळते, जुन्या गाडीची काच मिळत नाही. बसवताना ते काचेभोवती नवे रबर चढवीत, त्याच्या खाचेत साबणाच्या पाण्यात भिजवलेली सुती नाडी दाबीत आणि काच चौकटीवर टेकवीत. मग आतून कोणीतरी नाडी ओढायची. ती निघत जाते तसे रबर पत्र्याच्या कडेवर चढत जाते. बाहेरून तळहाताचा दाब देणारा मात्र जाणता लागतो. तो दाब ते स्वतः देत, गाडीच्या मालकाला काचेला हात लावू देत नसत. नाडी त्यांच्या पत्नीच्या, शांताबाईंच्या, शिवणाच्या डब्यातून येई. शांताबाईंची तक्रार अशी, की गावातल्या गाड्यांच्या काचा घट्ट झाल्या आणि आपल्या परकरांना नाड्या उरल्या नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या गाडीची समोरची काच गळू लागली. गाडी वडिलांची. त्या वळणाची काच मी पुण्यामुंबईत शोधून थकलो होतो. होती ती फुटली असती, तर गाडी कायमची उभी राहिली असती. वडिलांनी आपण होऊन माझ्या हाती दिलेली ती एकच वस्तू. भानुदासांनी रबराला नख लावले, तर तुकडा हाती आला. याला तेल लावता काय, असे त्यांनी विचारले. दर दसऱ्याला गाडी धुऊन मी रबरांना तेल चोळतो, असे मी काहीशा अभिमानाने सांगितले.

“मास्तर, तेलानं रबर फुगतं, मग सडतं. लाड करून मारलंय तुमी त्याला.”

तेलात रबर फुगते, हे मी वर्गात प्रयोग करून दाखवीत असे.

नवे रबर आले त्या दिवशी शांताबाई दारातच उभ्या होत्या. “हातात भाकर ठरंना, आन काच बसवाय निघाले,” त्या म्हणाल्या. अर्धांगाच्या झटक्याने भानुदासांच्या उजव्या हातातला जोर गेला होता.

ते मागे न वळता म्हणाले, “भाकर पडली तर तू दुसरी देशील. काचंचं तसं न्हाई. म्हनून तर मास्तरांचा हात घेतोय.”

दाब मी द्यायचा आहे, हे मला तेव्हाच कळले. ते आत बसले, डाव्या हाताने नाडी ओढू लागले आणि मी बाहेरून दाब देऊ लागलो. खालची कड बसली, बाजू बसल्या. वरचा उजवा कोपरा अडला. माझा संयम मुळात थोडा. मी मूठ उचलली.

“मारू नका,” ते आतून म्हणाले. “मी मारली हुती एकदा, नवा हुतो तवा. पार चुरा झाला. सायेब रागावला असता तर बरं हुतं...”

त्यांनी कोपऱ्यावर कोमट पाणी सोडायला लावले आणि गाडी उन्हात तशीच ठेवली. आम्ही तासभर पायरीवर बसलो. चहा झाला. काचेविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. मग उठले, नाडी पुन्हा बोटांना गुंडाळली आणि “आता टेकवा नुसतं,” म्हणाले. मी नुसता हात टेकवला. कोपरा बसला.

“काय मास्तर, पास का?”

आधी पाणी मारून पाहू, असे मी म्हणालो. शांताबाईंनी नळी धरली. आत पसरलेले वर्तमानपत्र कोरडे राहिले. मी “ठीक आहे” म्हणालो. मास्तरांच्या तोंडून एवढे आले म्हणजे पहिला वर्ग, असे पत्नीला सांगून ते हसले. काम ठीक नव्हते, उत्तम होते. एका हाताने आणि माझ्यासारख्या अडाणी मदतनिसाला घेऊन इतके चोख काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे तेव्हाच म्हणायला हवे होते.

निघताना मी दार ओढून घेणार, तोच त्यांनी ते धरले. सर्व काचा बंद असताना दार लावले, की कोंडलेली हवा नव्या रबराला आतून धक्का देते. चार दिवस बाजूची काच दोन बोटे खाली करायची आणि मगच दार लावायचे, असे त्यांनी बजावले. ते चार दिवस केव्हाच सरले. रबर आता पक्के बसले आहे आणि याची गरज उरलेली नाही, हे मला कळते. तरीही उतरताना मी बाजूची काच दोन बोटे खाली करतो, मग दार लावतो... ते अगदी हलके लागते.