मापाला उभी वसू

माझा थोरला भाऊ नरसिंहराव, म्हणजे आमचा अण्णा, पुराणवस्तू खात्यात तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. उत्खननात निघालेली फुटक्या मडक्यांची खापरं कागदावर मापात काढायची, हे त्याचं काम. खापर कुठल्या खड्ड्यात, किती खोल मिळालं, ते आधी त्याच्या पाठीवर शाईनं बारीक लिहायचं आणि मगच पेन्सिल उचलायची. जागा हरवलेलं खापर म्हणजे कचरा, असं तो म्हणे. घरीही तेच. चष्म्याची जागा ठरलेली, छत्रीची ठरलेली. एखादी वस्तू बोटभर सरकली की वसुमतीवैनीची उलटतपासणी सुरू. वैनी हसून सोडून देई. तिच्या जागी मी असते तर ती छत्री त्याच्याच पाठीत घातली असती.

ऐन तरुणपणी खात्याच्या ग्रंथालयात त्यानं एक फोटो पाहिला होता. अमेरिकेच्या वाळवंटात, कड्याच्या कपारीत बांधलेलं अख्खं दगडी गाव. तिथल्या मूळच्या पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी सातआठशे वर्षांपूर्वी बांधलेलं आणि मग सोडून गेलेलं. त्या फोटोनं अण्णाला जे पछाडलं ते कायमचं. आम्ही त्याची भरपूर टिंगल केली. आमच्या गवीपुरातल्या माणसाला हंपी धड पुरी बघून झाली नाही आणि म्हणे अमेरिकेतली पडकी घरं! पण मुलगा सुमंत फिनिक्सला नोकरीला लागला, आणि मागच्या ऑक्टोबरात त्यानं आईवडिलांना खरंच नेलं. अकरा दिवस, गाडीनं. मेसा व्हर्डे, चाको कॅन्यन, होव्हनवीप आणि आणखी एकदोन.

अण्णा परत आला तो चौदाशे फोटो घेऊन. महिनाभर माझं डोकं खाल्लं. शिड्या चढून कसा गेलो, जमिनीतल्या गोल खोल्या कशा, भिंतीतला दगड न् दगड कसा बसवलेला. तिथल्या उद्यानातली एक बाई त्याच पूर्वजांच्या वंशातली होती. तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, की आमची माणसं इथून गेलेली नाहीत असंच आम्ही मानतो, म्हणून इथला खडासुद्धा हलवू नका. हे अण्णानं मला तीनदा ऐकवलं. ती बाई बोलत होती तेव्हा वैनी गुडघे धरून गाडीत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "ऊन भारी गं श्यामला. पाणी म्हणशील तर स्वल्पसुद्धा नाही. पण बायकांनी संसार केलेत तिथं, चुली दिसतात."

फेब्रुवारीत वैनी गेली. दुपारी भाजी निवडता निवडता छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत संपलं सगळं.

मे महिन्यात तिच्या तुळशीच्या कुंडीला तडा गेला, म्हणून मी माती उपसायला बसले. आमच्या घरच्या बायकांची जुनी रीत आहे. क्षेत्राला गेलं की तिथला एक खडा आणायचा आणि तुळशीत ठेवायचा. वैनीचे गोकर्णाचे, मंत्रालयाच्या मठातले, काशीचे खडे मी एकेक धुऊन ठेवत होते. त्यात एक कौलासारखा तुकडा निघाला, पांढऱ्यावर काळ्या रेघांचा. मी तो टाकणार, तेवढ्यात अण्णानं माझ्या हातातून घेतला. उलटून पाठ बघितली. पाठ कोरी. तो तसाच ओल्या फरशीवर बसला.

"हे तिथलं आहे," तो म्हणाला. "हिनं तिथनं उचललं."

मला आधी हसूच आलं. वैनीनं सगळ्या पहाऱ्यातून अमेरिकेचा खडा तुळशीत आणून ठेवला! तिला ते क्षेत्रच वाटलं असणार. पण अण्णाचा चेहरा बघून मी पुन्हा खडे धुवायला लागले.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास. खापर परत जायला हवं, जिथून उचललं त्याच जागी. तसल्या रेघांची भांडी त्या सगळ्या मुलखात होती, त्यामुळे नुसतं बघून जागा सांगता येईना. त्यानं एका उद्यानाला पत्र लिहिलं. उत्तर सौजन्याचं आलं: पाठवा, पण जागा माहीत नसेल तर आम्हाला ते परत ठेवता येणार नाही, पेटीतच राहील. पेटी म्हटल्यावर अण्णानं जेवण टाकलं.

मग त्यानं फोटो काढले बाहेर. वैनी कुठं वाकलेली दिसते का, ते शोधायला. मीही शेजारी बसले. चौदाशेपैकी सदतीस फोटोंत वैनी होती आणि सदतीसही फोटोंत भिंतीला लागून ताठ उभी, हात खाली. भिंतीची उंची कळावी म्हणून खात्यात शेजारी मापाची पट्टी उभी करतात. अण्णानं पट्टीच्या जागी बायकोला उभं केलं होतं. पाच फूट एक इंच. मला इतका संताप आला!

"अण्णा, चाळीस वर्षांचा संसार, आणि तिचा म्हणून एक फोटो नाही?"

त्यानं सुमंतला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा.

सुमंत आधी घाबरला. तिथली जुनी वस्तू उचलणं म्हणजे गुन्हा, त्यात त्याच्या तिथल्या कायमच्या वास्तव्याचे कागद अडकलेले. "अप्पा, कशाला उकरताय? असू दे ना तुळशीत." अण्णा हट्टाला पेटला. आई कुठं वाकली, कुठं मागं राहिली, आठव.

"वाकलेली नाही आठवत," सुमंत म्हणाला. "पण एकदा भिंतीशी उभी असताना तिनं मूठ उघडून तुमच्यापुढं धरली होती. काहीतरी दाखवत होती. तुम्ही म्हणालात, हात खाली घे, माप चुकतंय. फोटोत हात आलाच, म्हणून तो फोटो तुम्ही तिथंच पुसून टाकलात."

"कुठली भिंत?"

"अप्पा, मला सगळ्या भिंती सारख्याच दिसत होत्या."

फोन झाल्यावर अण्णानं खापर पुसून टेबलावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. "मला विचारायला आली होती गं ती," तो म्हणाला. "बघितलं असतं तर तिथल्या तिथं ठेव म्हटलं असतं. एवढंच तर होतं."

आता जागेचं तो काही बोलत नाही. तेच सदतीस फोटो रोज काढून बसतो. परवा मी भाजी घेऊन गेले, तर त्यानं मला हाताला धरून बसवलं. पडद्यावर उंच भिंत आणि तिच्या पायथ्याशी वैनी. त्यानं तिचा चेहरा बोटांनी मोठा केला, इतका की नाकडोळे ठिपक्यांत फुटून गेले.

"श्यामला, ही दमलीय का रागावलीय? मला ओळखू येत नाही. तू सांग."

मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघितलं. मलाही सांगता आलं नाही.