सुभेदारांचा दुसरा माळ

सुभेदार गेल्याचं माझ्याआधी अचोलला कळलं होतं. हे वाक्य गेले काही आठवडे मनात घोळतंय आणि दर वेळी तितकंच टोचतंय. मी कराडला लेकीकडे होते, सकाळची भाजी निवडत बसले होते. लांबलचक नंबरवरून फोन आला. पलीकडे पीटर. हा दक्षिण सुदानचा तरुण इंजिनिअर. पुण्यात शिकून गेलेला, म्हणून मला 'काकू' म्हणणारा, मोडकीतोडकी मराठी बोलणारा. "काकू, आधी बसा तुम्ही. बसलात?" एवढंच तो म्हणाला आणि मी समजले. तिकडे, त्याच्या देशात, रोपवाटिकेत काम करता करता सुभेदार छातीला हात लावून खाली बसले, गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. "जवळ कोण होतं?" मी विचारलं. "अचोल होती. तिनं पाणी पाजलं." ... आमच्याकडे शेवटचं पाणी कुणी पाजलं याला फार मोल आहे. जन्मभराचा संसार माझा, आणि ते पाणी तिच्या हातचं. रडू मागाहून आलं. आधी आला तो मत्सर.

त्यांचं नाव नामदेव. पण सैन्यातून सुभेदार होऊन परतल्यापासून गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं, आणि ऐकून ऐकून मीही. आमचं गाव आटपाडीच्या पुढं, माळरानावरचं. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका. त्यांची सगळी नोकरी सरहद्दीवर गेली. दोन लेकरं, सासूबाई, शाळा आणि टँकरमागची पळापळ माझ्या वाट्याला आली. निवृत्तीनंतर तरी हा माणूस माझ्या हाताला लागेल, असं मी धरून चालले होते. सुरुवातीला लागलाही. गावानं श्रमदानातून उतारावर समतल चर खणले तेव्हा पुढं सुभेदारच होते. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघायची, मग दोरी लावायची, मग कुदळ. पण घरात आले की गप्प. पेपर वाचायचा आणि खोल्याखोल्यांतले दिवे बंद करत हिंडायचं. धाकट्याच्या वरातीत पोरांनी हाताला धरून ओढलं तरी एक पाय हलवला नाही.

हा गप्पपणा कुठून आला ते एका संध्याकाळी कळलं. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांना शांतिसेनेतून दक्षिण सुदानला धाडलं होतं, नाईलच्या काठी. लढाईला भिऊन गावंच्या गावं छावणीच्या आसऱ्याला आलेली. इतक्या चुली पेटायच्या तर लाकूड आणणार कुठून? बघता बघता आसपासचं रान सरपणात आणि कोळशात गेलं. "एक बाई चिंच तोडत व्हती, शालन," ते म्हणाले. "मी गस्तीवर हुतो. सासऱ्यानं लावलेली चिंच. रडत रडत तोडत व्हती."

"मग तुमी काय केलं?"

"काय करणार? तिच्या घरात चूल पेटायची व्हती. उभा राहून बघितलं."

ती बाई म्हणजे अचोल. नवरा आणि थोरला मुलगा लढाईत गमावलेली. आता तिथले लोक छावणीतून आपापल्या जळक्या गावांकडे परतत होते. उजाड जमिनीवर पुन्हा झाडं आणि घरं उभी करायला एका संस्थेला बांध-चर, रोपवाटिका जाणणारा माणूस हवा होता. "जाऊ का?" सुभेदारांनी विचारलं.

"आपला माळ उघडा पडलाय, आन तुमी दुसऱ्याचा झाकायला निघाला व्हय?"

"आपल्या माळाला तू हायेस की," ते म्हणाले. हे कौतुक मला तेव्हा गोड लागलं नाही, आजही लागत नाही.

ते गेले आणि आमच्या फोनमध्ये अचोल शिरली. अचोलनं बिया कुठून कुठून गोळा केल्या, अचोलनं बायकांची टोळी उभी केली. पावसाचं पाणी अडावं म्हणून यांनी अर्धचंद्रासारखे खड्डे घ्यायला शिकवलं, तर अचोलनं त्यात चिंचेच्या जोडीनं ज्वारी टाकली, म्हणजे झाड मोठं होईपर्यंत पोटाला काही मिळेल. भट्टीच्या विटा भाजायच्या तर पुन्हा झाडंच तोडावी लागणार, म्हणून मातीच्या न भाजलेल्या, दाबून केलेल्या विटांची शाळा उभी राहिली. तीही म्हणे अचोलच्या हट्टापायी. एकदा ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "कमी लाकडाची चूल घालायला शिकवतोय बायकांना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात गॅस येईपर्यंत मी धुरात डोळे चोळत भाकऱ्या थापल्या, तेव्हा हा माणूस सुट्टीवर असला तरी चुलीपुढं फिरकायचा नाही! एकदा पीटरनं एक व्हिडिओ पाठवला. विटांचा चिखल तुडवायचं काम चाललेलं, दहा-बारा बायका तालावर गातायत आणि मधोमध पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमचे सुभेदार... नाचतायत. दुसरा शब्द नाही त्याला. मी फोन पालथा घातला.

पुढच्या फोनला मी बोलून टाकलं, "तिच्याशीच लगीन लावा की मग."

ते हसत सुटले. "आगं, माझ्यापरास थोरली हाय ती. रोपांना भर उनात पाणी घातलं म्हणून परवा लय रागावली मला. डिट्टो तुझ्यावाणी."

त्यांना वाटलं मी निवळेन. पण हेच जास्त लागलं. त्यांना रागावण्याचा हक्क तरी माझ्या एकटीचा आहे, असं मी समजत होते.

शेवटचे आले ते हिवाळ्यात. मी त्यांना आमच्या माळावर नेलं. ते नसताना मजूर लावून मी लिंब आणि चिंचा लावल्या होत्या, टेंभू योजनेचं पाणी तिथवर ओढलं होतं. कौतुक ऐकायचं होतं मला. ते चरावरून चालत गेले, थांबले, खाली वाकून बघितलं. "चर जरा तिरका गेलाय," म्हणाले. मी काही बोलायच्या आत कुदळ घेतली. मग रोज सकाळी आम्ही दोघं माळावर. ते खणायचे, मी माती ओढायची, दुपारी तिथंच भाकरी सोडायची. मला वाटलं, आता हा माणूस जात नाही... आणि पीटरचा फोन आला. तिकडे नदी फुगली होती, रोपवाटिकेत पाणी शिरलं होतं. सुट्टी अर्धी टाकून सुभेदार निघाले. एसटी स्टँडवर म्हणाले, "पुढच्या बारीला तुला घेऊन जातो. येऊन बघ तरी."

"मी कशाला येऊ? सवत बघायला?"

ते इतक्या मोठ्यानं हसले, की वडापचे जीपवाले वळून बघायला लागले. ते हसणं शेवटचं.

पार्थिव मुंबईमार्गे गावी आलं. तिरंगा होता, सलामी झाली, माणसं लोटली. सावडणं झालं त्या दिवशी पीटरचा फोन आला. अचोलला थोडी राख हवी होती, चिंचेच्या नव्या रानात ठेवायला. मी नाही म्हणाले. लेकीनं समजावलं, "आई, चिमूटभर तर मागतायत."

"आख्खा माणूस दिलाय त्यास्नी. आता चिमूटभरसुदीक न्हाई."

सगळी रक्षा मी कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमात सोडली. हात धुताना नखातसुद्धा काही राहू दिलं नाही.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि मला राहवेना. मी आपणहून पीटरला व्हिडिओ कॉल लावला. अचोलला बोलव म्हणाले. ती समोर आली. उंच, वाळकी बाई, गुडघे धरून मातीत बसलेली. मी पीटरकरवी विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते?"

ती बराच वेळ बोलली. पीटर मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, ती सांगते, पाणी प्याले आणि त्यांनी शालन म्हणून हाक मारली. परत मारली. तिला तुमचं नाव माहीत आहे, ते रोज घ्यायचे. ती म्हणते, तू नव्हतीस. त्यांना वाटायला नको की कोणी नाही. म्हणून मी ओ दिली."

पाणी घेतलंस, नाचणं घेतलंस, आता माझ्या नावाची ओसुद्धा तूच दिलीस, असं पहिल्यांदा मनात आलं. खोटं कशाला बोलू? आणि लगेच दुसरंही आलं, की तिनं ती दिली नसती तर? माझं नाव घेऊन माझा माणूस बिनउत्तराचा गेला असता. या दोन्हींत कुठलं मोठं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी रडत बसलो, आणि मधे पीटरला काय भाषांतर करावं ते कळेना.

डोळे पुसल्यावर लक्षात आलं, तिच्या डोक्यावर सुभेदारांची हिरवी कापडी टोपी होती. आतून झिजली तेव्हा माझ्याच जुन्या लुगड्याचा तुकडा मी त्या टोपीला लावून दिला होता. माझी नजर कुठं आहे ते अचोलनं ओळखलं. तिनं टोपी काढली, झटकली आणि दोन्ही हातांनी पडद्यापुढं धरली. तिचे केस अगदी पांढरे होते.

"काकू, पाठवायची का टोपी?" पीटरनं विचारलं.

मला हवी होती. आजही हवी आहे. पण तिच्यामागं सावली धरेल असं एकही झाड अजून नव्हतं. पुरातून वाचलेली आणि नव्यानं लावलेली गुडघाभर रोपं, आणि लांब त्या मातीच्या विटांची चार घरं... "ऱ्हाऊ दे म्हणावं तिला," मी म्हणाले. "ऊन लय आसतंय तिकडं."

आता अधूनमधून मीच फोन लावते. अचोल तिकडे काम करत असते, पीटर फोन तिच्याकडे वळवतो. ती ओणवी असते, म्हणून पडद्यावर आधी नुसती टोपीच दिसते. मग ती मान वर करते आणि तिचा चेहरा येतो. तो चेहरा दिसला की अजूनही आत काहीतरी जळतं. पण त्याच्या आधी, नुसती टोपी दिसते ना... तेवढ्यासाठी मी फोन लावते.