अंबाडी चालत नाही

मला अंबाडीची भाजी आवडते. लहानपणापासून आवडते. मुखेडला आई पानं उकडून पिळून काढायची, ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ घालून घोटायची आणि वरून करडईच्या तेलात तांबूस झालेला लसूण ओतायची. मी भाजीत खळगा करून त्यात तेल साठवायचो. आई म्हणायची, "ह्याला लग्नाच्या पंगतीत बसवलं तरी हा अंबाडीच मागंल."

हे आज लिहितो आहे, कारण माझ्या सुनेपासून जुन्या कचेरीतल्या लोकांपर्यंत सगळ्यांना उलटंच ठाऊक आहे. मला अंबाडी चालत नाही, पित्त होतं, असं त्यांना वाटतं. ती गोष्ट मीच सांगितलेली आहे आणि ती खोटी आहे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांसाठी माणसं इकडून तिकडून आणली होती. आमच्या कचेरीत नांदेडकडून आम्ही दोघं आलो, एकाच टेबलाला समोरासमोर. खुर्च्या आल्या होत्या, कपाटं यायची होती, फायली जमिनीवर पडलेल्या. तो बौद्ध, मी लिंगायत. विचारायची गरज पडली नव्हती, आडनावं पुरे होती. त्याची बायको आणि मुलं सोबत होती. माझी बायको अजून मुखेडलाच होती, म्हणून मी खोली करून राहायचो आणि खानावळीचा डबा खायचो.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी त्यानं डबा उघडला आणि लसणाचा तो वास आला. त्यानं अर्धी अंबाडी झाकणात काढून माझ्यापुढं सरकवली.

"घे. खानावळीचं पाणी पिऊन वाळून चालला तू."

माझा हात पुढं गेलाही होता. पलीकडं आमचे अव्वल कारकून बसले होते, आमच्यातलेच, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. मी हात मागं घेतला आणि म्हणालो, "मला अंबाडी चालत नाही रे. पित्त होतं."

सगळा दोष त्या चष्म्यावर टाकता आला असता तर बरं झालं असतं. पण ते तिथं नसते तर मी ती भाजी खाल्ली असती का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. आमच्या घरात त्याच्या समाजाकडचं पाणीसुद्धा कुणी प्यालेलं नव्हतं.

त्यानं ते खरं मानलं. झाकण ओढून घेत हसला. "नांदेडकडं जन्मून अंबाडी चालत न्हाई? लेका, तुला तर पुण्यालाच पाठवाय पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याच्या पिशवीत एक डबी जास्तीची होती. तिच्यात शेंगदाण्याची चटणी. "बायकोनं दिली. म्हणली, भाऊजीला भाजी सोसत न्हाई तर हे न्या." अव्वल कारकून त्या दिवशी रजेवर होते. मी खाल्ली.

मग खातच गेलो. पिठलं, वांगी, हुलग्याचं माडगं. अव्वल कारकुनांची बदली झाल्यावर त्याच्या घरीही जेवायला जाऊ लागलो. ज्या कारणानं खोटं बोललो ते कारण वर्षभरात गळून पडलं. खोटं मात्र तसंच राहिलं. ते मागं घ्यायचं म्हणजे पहिल्या दिवशी हात का आखडला हेही सांगावं लागलं असतं.

माझी बायको लातूरला आल्यावर तो घरी आला आणि तिला म्हणाला, "वहिनी, ह्याला अंबाडी घालू नका बरं, पित्त होतंय." ती माझ्याकडं बघत राहिली. तो गेल्यावर म्हणाली, "अहो, तुम्हाला कधीपासून पित्त व्हायला लागलं?" मी पेपर उघडला. तिला कळलं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही आणि घरात पुन्हा अंबाडी केली नाही. एकदा मीच भीतभीत मागितली तर म्हणाली, "आणि ते नेमके त्याच वेळी आले तर काय सांगू?"

मग दुष्काळ पडला. बाजारात हिरवं काही दिसेना. आम्ही टँकरच्या आणि दुष्काळी कामांच्या मागं गावोगाव फिरत होतो. एका संध्याकाळी औशाहून परतताना त्यानं मला ओढून घरी नेलं. त्याच्या आईनं गावाकडून वाळवलेली अंबाडी पोतंभर पाठवली होती, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडं दोन्ही वेळा तीच होती. नुसत्या कण्या घालून केलेली, डाळीशिवाय.

मला बघून त्याची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, गोंधळल्या. "भाऊजी आले, आन् आज घरात दुसरं कायबी न्हाई."

"कायतरी कर की," तो म्हणाला.

त्यांनी फळीवरचा एक लहान डबा खाली काढला. त्यांची धाकटी मुलगी तापातून उठली होती, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आई, ती माझी डाळ हाय."

"गप बस. उद्या आणू."

"वहिनी, राहू द्या. मी कांदा-भाकरी खातो," मी म्हणालो.

"असं कसं? पाव्हण्याला कोरडी भाकर घालू का?"

मी अंबाडी खातो, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाला पाणी सुटलेलं होतं, शब्द सुटला नाही. वरण शिजलं. ते सगळे अंबाडी खात होते आणि मी एकटा तुरीचं वरण. मुलगी माझ्या वाटीकडं बघत होती. तिच्यासाठी म्हणून मी थोडं मागं ठेवलं, तर तो म्हणाला, "संपव रे. उष्टं टाकायचे दिवस हायत का हे?" मी संपवलं.

मुलगी पुढं धडधाकट झाली, शिकली, नोकरीला लागली. त्या वाटीनं तिचं काही बिघडलं नाही. तरी अजून वरणाची वाटी पुढं आली की मला तिचे डोळे दिसतात.

निवृत्त झाल्यावर तो नांदेडला गेला, मी लातुरातच राहिलो. त्याच्या शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो तेव्हा त्याला पेजसुद्धा गिळवत नव्हती. वहिनी आत होत्या. मी सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. तोच हळू आवाजात म्हणाला, "हिला सांगितलंय, माझ्या जलदानाला अंबाडीच कर म्हणून. तू मातर उपाशी जाशील लेका." आणि हसला. मीही हसलो. त्या हसण्यात वेळ निघून गेली. तो गेल्यावर जलदानाच्या जेवणाला पंगतभर अंबाडी वाढली. माझ्या ताटाशी वहिनी स्वतः वरणाचं पातेलं घेऊन आल्या.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. खरं जाणणारं घरात कुणी उरलं नाही. म्हणून या हिवाळ्यात मी नांदेडची एसटी धरली.

दारातच लसणाचा वास आला. वहिनी एकट्याच होत्या, गॅसवरची भाजी उतरवत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पहिल्या दिवसाचा डबा, अव्वल कारकून, माझा हात, तो का मागं आला ते, आणि त्या संध्याकाळची डाळ. त्यांनी भाजीवर झाकण ठेवलं.

"ह्यांना ठाऊक होतं का हे?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला तरी कशाला सांगितलं, भाऊजी?"

 त्यांनी कुकर चढवला, पाट मांडला, हात धुवायला तांब्या दिला. मी वाट बघत बसलो. अजूनही मला आशा होती, हे कबूल करतो. कुकरची शिट्टी झाली. त्यांनी ताट आणून ठेवलं, त्यात भाकरी, कांदा आणि तुरीचं वरण. अंबाडी झाकलेलीच होती, हाताच्या अंतरावर.

"वहिनी, थोडी ती…"

"तुम्हाला चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "हे जाईस्तोवर चालत न्हवती. आता मी ते बदलत न्हाई. जेवा."

मी जेवलो. वाटी संपवली.