अप्पा 'चुकलो' म्हणाले नाहीत

गेल्या साली गावात जुन्या सैनिकांच्या घरच्यांचा सत्कार झाला. माझ्या भावाचा नातू माईकवर बोलला. म्हणाला, माझ्या पणजोबांनी ब्रह्मदेशात कितीतरी जपानी मारले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीतूनच म्हणाले, "एक बी मारला न्हाय." शेजारची बाई माझा हात दाबायला लागली. गप्प बसायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लढाईत मोटार हाकली. मोटार गेल्यावर ते चालत परत आले. एवढंच. पण परत आल्यावर घरात जे झालं ते ह्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी उर्दूत. शुद्धलेखन तपासायला कुणी बसू नये.

आमचं घर तेरच्या जवळ, तेरणेच्या काठी. आम्ही लिंगायत. थोडी शेती, थोडं किराण्याचं दुकान. राज्य निजामाचं. बार्शी आगगाडीनं जवळ, पण ती इंग्रजांच्या मुलखात. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. साधी साखरेची पुडी नेली तरी शिपाई गाठोडं सोडायला लावायचा. अप्पा बार्शीच्या जिनिंगमध्ये मोटार हाकायला शिकले आणि तिथूनच फौजेत भरती झाले. आज्जीला न सांगता गेले. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, सांगून गेले होते, हे आज्जीला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते परत आले तेव्हा मी पहिलीत असेन. ओसरीवर एक माणूस येऊन बसला. मी आत जाऊन सांगितलं, "अव्वा, भिकारी आलाय." अव्वा ओंजळीत पीठ घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. तो माणूस म्हणाला, "पीठ आणलंच हाईस तर भाकरी कर." तेव्हा मला कळलं की हा आमचाच आहे.

अप्पांचं पोट कायमचं बिघडलेलं होतं. हिवताप फिरून फिरून यायचा, भर चैत्रात दोन गोधड्या घेऊन कुडकुडायचे. पायाच्या बोटांची नखं गेली ती परत आलीच नाहीत. ह्याबद्दल ते बोलायचे नाहीत आणि आम्ही विचारायचो नाही. भांडण लागलं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

आमच्यात गळ्यातलं लिंग कधी काढत नाहीत. अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच घास तोंडात घालायचा. लिंग हरवलं तर नवं मिळेपर्यंत अन्न वर्ज्य. दुसऱ्या दिवशी अप्पांनी पूजेसाठी गळ्यातलं कापड सोडलं आणि आज्जीची नजर गेली. लिंग काळं, गुळगुळीत, घोटलेलं असतं. अप्पांच्या हातात राखी रंगाचा, एका बाजूनं टवका उडालेला, नदीतला गोटा होता.

"हे काय रे?"

"लिंग."

"हे लिंग न्हाय."

"आता हेच हाय," अप्पा म्हणाले आणि पूजा करून जेवायला बसले.

आज्जी वाईट नव्हती. घाबरली. घाबरलेलं माणूस भावकीकडे धावतं. ती थोरल्या काकांकडे गेली. ते अप्पांचे चुलतभाऊ, भावकीत त्यांचा शब्द चालायचा. अप्पा नसताना अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न भूमच्या एका घरात त्यांनीच जमवलं होतं. साखरपुडाही झाला होता. अप्पा जिवंत आले तर ते कन्यादान करतील, नाहीतर काका करतील, असं ठरलं होतं.

काका भावकीचा निरोप घेऊन आले. जंगमाकडून, म्हणजे आमच्या गुरूंकडून, नवं लिंग घ्यायचं. त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायचं. तो गोटा तेरणेत टाकायचा. आणि पंगतीसमोर उभं राहून 'मी चुकलो' म्हणायचं. हे झालं तर भूमचे लोक लग्नाला उभे राहतील.

अप्पा म्हणाले, "नवं लिंग घेतो. तीर्थ बी घेतो. गोटा टाकणार न्हाय आन चुकलो म्हणणार न्हाय."

"पोरीचं लगीन मोडंल."

"ते तुमी बघा. तुमीच जमवलंय."

काकांनी भूमला कळवलं. पंधरवड्यात दोन बैलगाड्या दारात. नवऱ्या मुलाचे वडील चांगले, शांत बोलणारे गृहस्थ होते. ओसरीवर घोंगडी टाकली. अक्का आणि मी दाराआड उभ्या. अक्कानं माझा हात धरला होता. तिला ते घर पसंत होतं. तो मुलगा साखरपुड्याला आला होता, तेव्हा तिनं त्याला चोरून पाहिलं होतं. हे मला तिनंच सांगितलं होतं.

भूमचे पाहुणे म्हणाले, "तुमचं हाल झालं, हे कोन नाकारतंय? पर आमाला बी चार लोकांत ऱ्हायचंय. तितं नेमकं काय झालं तेवढं सांगा."

मग अप्पा बोलले. त्याआधी आणि त्यानंतर मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नाही.

"मोठी नदी लागली. मोटारी न्यायला जागा न्हाय, जाळा म्हणून हुकूम झाला. माझी मोटार मीच जाळली. मग डोंगर. पाऊस कसला, वरनं घागरी वतल्यागत. अंगाला जळवा. कापड कुजलं, गळ्यातला दोरा कुजला. एका ओढ्यातनं निघालो आन छातीवर हात फिरवला तर लिंग न्हाय. मागं गेलो, ओढ्यात चाचपलं. न्हाय गावलं. मग मी खायचं सोडलं. म्हनलं, इथंच मरावं. माझ्या संगं नळदुर्गाकडचा मुसलमान डायवर हुता. त्यानं शिव्या घातल्या. ओढ्यातला एक गोटा उचलून माझ्या हातात ठिवला. म्हनला, 'तेरा खुदा पत्थरकाच था ना? यां पत्थरां भोत पडे. ले, पूज, और खा ले.' म्या पूजा किली. आन खाल्लं."

"काय खाल्लं?" काकांनी विचारलं.

"खेचर मेलं हुतं, ते."

दाराआड आज्जीनं तोंडात पदर कोंबला.

"आन तो डायवर?" पाहुण्यांनी विचारलं.

"पुढच्या डोंगराला तो बसला तो उठलाच न्हाय. त्याला पुरायला बी कुणाच्या अंगात ताकद नव्हती."

मग काका म्हणाले, "म्हंजी मुसलमानाच्या हातचं लिंग गळ्यात बांधून फिरतोस!"

"व्हय. तुमी दिलं असतंत तर तुमच्या हातचं घेतलं असतं. तुमी तितं दिसला न्हाई."

गाडीवान हसला. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बैल सोडायच्या निमित्तानं उठून गेला.

पाहुण्यांनी हात जोडले. खरोखर जोडले. "एक शबुद हाय. बोलून टाका. गोटा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, मी सांभाळून घेतो. पर पंगतीत तेवढं म्हना. पोरीसाठी म्हना."

अप्पा खाली बघत होते. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि परत मांडीवर आला. मला वाटलं, आता म्हणतील. बाप आहे, म्हणेल. दुसरा कुणी असता तर म्हणालाच असता, आणि त्यात काही वाईटही नव्हतं.

अक्कानं माझा हात सोडला. आत गेली. साखरपुड्याची साडी आणि नारळ घेऊन सरळ ओसरीवर आली, सगळ्या पुरुषांसमोर. साडी पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवली.

"अप्पा, म्हनू नगा," ती म्हणाली.

काका उठलेच. "बगा! ह्ये असले संस्कार! पोरगी पाव्हन्यासमोर—"

"बसा," अप्पा म्हणाले. काका बसले. मग अप्पा पाहुण्यांकडे वळले. "मी चुकलो न्हाय. उपाशी होतो."

पाहुणे उठले. साडी त्यांनी घेतली नाही, काकांनी उचलून गाडीत टाकली. अव्वा दारात येऊन म्हणाली, "सैपाक झालाय. जेवून जावा."

"ह्या घरात आता पानी बी घ्यायचं न्हाय," गाडीतला एक म्हातारा म्हणाला.

"नका घिऊ. भूम लई लांब हाय. वाटंत बैलास्नी तरी पाजा."

त्यानंतर भावकीनं आम्हाला वाळीत टाकलं. लग्नाबारशाचं बोलावणं बंद. अप्पांनी जंगमाकडून नवं लिंग मागितलं तर तो म्हणाला, आधी पंगत. मग अप्पा तोच गोटा पूजत राहिले. आज्जी तीन दिवस अबोला धरायची, चौथ्या दिवशी त्यांच्या पायाला तेल चोळायची. अक्का घरात बसून राहिली. बायका विहिरीवर मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या, "काय गं, अजून हाईस व्हय?" अक्का म्हणायची, "हाय की. तुला हाकलून लावायला ऱ्हायलेय."

पुढं रझाकारांचा जाच सुरू झाला. गावं उठून बार्शीकडे निघाली, आम्हीही निघालो. सरहद्दीपलीकडे एका मैदानात सगळे पडलो होतो. एकच कढई. खिचडी कोण शिजवतंय, पाणी कोण आणतंय, कुणी विचारत नव्हतं. थोरल्या काकांना हगवण लागली. अप्पांनी पाणी उकळून, मीठ घालून पाजलं. काका घटाघटा प्याले. अव्वा मला म्हणाली, "बगून ठीव." मी बघून ठेवलं.

निजामाचं राज्य गेलं, आम्ही घरी आलो. पहिल्याच उन्हाळ्यात भूमची गाडी परत दारात. आता एकच गाडी. त्या मुलाचं अजून लग्न झालं नव्हतं. त्याचे वडील ओसरीवर बसले आणि म्हणाले, "झालं गेलं सोडा. आता काळ बदलला. आमची काय हरकत न्हाय."

अप्पा अक्काकडे बघून म्हणाले, "तू सांग."

अक्का दारात उभी होती. "ह्यांनी अप्पांसमोर म्हनावं, आमचं चुकलं. मग मी येते."

अप्पा म्हणाले, "अगं, ऱ्हाऊ दे."

"तुमी ऱ्हाऊ द्या. मला ऱ्हाऊ द्यायचं न्हाय."

अव्वानं ताट वाढलं. पाहुणे जेवले, ताट स्वच्छ केलं, अप्पांच्या हातचं ताकही घेतलं. बसले होते बराच वेळ. अक्का दारातून हलली नाही. हात धुऊन त्यांनी पान खाल्लं, पावसापाण्याचं बोलले. तो एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. ऊन कलायच्या आत गाडी जुंपून गेले.

वर्षभरानं अक्काचं सोलापूरकडच्या एका बिजवराशी लग्न झालं. नवरा तापट होता, तीही तापट होती. भूमच्या घरात ती सुखात राहिली असती, असं आज्जी मरेपर्यंत म्हणत होती. राहिलीही असती. अक्काला मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "मग? अप्पांनी तितं खेचर खाल्लं. मी एक नवरा सोडला."