कानबाईच्या रोटातली जास्तीची मूठ

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचा देवी, भुतं, यक्षिणी, फरिश्ते यांपैकी कोणावरही विश्वास नाही. नव्हता... असं म्हणू या. मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे. पैज लावून पिंपळाखाली झोपलेलो आहे — मुंगळ्यांखेरीज कोणी चावलं नाही.

आता ऐका.

आमचं गाव धानोरा. श्रावणात घरी कानबाई बसते — नारळाची देवी, नथ घातलेली. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक जिवंत पुरुषाच्या नावाने एक मूठ गहू सुपात पडतो. आदल्या दिवशी तो घरच्या-नात्यातल्याच बायांनी दळायचा. परकीचा हात जात्याला लागता कामा नये.

त्या वर्षी सुपापाशीच भांडण पेटलं. माझा थोरला भाऊ लष्करात मोटार चालवायला ब्रह्मदेशात गेलेला. लढाई संपली, बाकीची पोरं परतली, याचं पत्रसुद्धा नाही. वहिनीने त्याच्या नावाची मूठ भरली मात्र, काका गरजले —

"मेल्या मानूसनी मूठ टाकशी तं रोट बाटी! आते चुडा उतार, पोरी."

"त्या जित्ता शेतस," वहिनी एवढंच म्हणाली, आणि मूठ सुपात सोडली.

भर दुपारी दळण सुरू झालं. मी उंबऱ्यात सुपारी कातरत होतो. जात्याच्या एका बाजूला वहिनी, समोर एक नथवाली बाई. मला वाटलं, काकूच्या माहेरची. काकूला वाटलं, वहिनीची. वहिनीला वाटलं, भाऊबंदांतली. सणाच्या घरात कोण कोणाला विचारतो? बाहेर कडक ऊन, आणि बाईचा पदर मात्र निथळत होता. जातं फिरत होतं... पण घरघर नव्हती. हे नंतर लक्षात आलं.

बाई थांबली. सुपातून तिने मूठभर गहू उचलला.

"ही जास्तीनी शे," म्हणाली, आणि अंगणात चिमण्यांना फेकला.

"देखं!" काका वहिनीवर कडाडले. "पाहुणीले बी समजस, तुले नही!" मग दारात बांगड्यांची टोपली घेऊन बसलेल्या मणियारचाचांना हुकूम — "चाचा, उतारा तिन्या बांगड्या."

वहिनी हात पदरात लपवून रडत होती. चाचा जागचे हलले नाहीत. "मैं पहनाता हूँ, पाटील. उतारता नहीं."

तेवढ्यात काकू पाहुणीसाठी चहा घेऊन आली... आणि समोर पाहुणी नाही!

"इधर से तो कोई औरत निकलीच नहीं," चाचा म्हणाले. आणि आमच्या घराला दुसरं दार नाही.

वहिनी म्हणे, म्हातारी होती. काकू म्हणे, नवी नवरी. ताजं पीठ गरम असतं ना? मी हात घातला — तापीच्या तळातल्या वाळूसारखं गार! अंगणातल्या गव्हाला एकाही चिमणीने चोच लावली नाही.

रोट भीत भीत भाजला, खाल्ला. भाऊ गेलाच असं सगळ्यांनी मनाशी धरलं, एका वहिनीशिवाय. तिच्या हातात बांगड्या तशाच.

भादव्यात काका ओसरीवर चहा पिता पिता गेले. बशी हातात तशीच राहिली. आणि दिवाळीत भाऊ दारात उभा — लंगडत, वाळलेला, पण जिवंत!

मणियारचाचा म्हणाले, "हमारे यहाँ रूह लेने फरिश्ता आता है. लेकिन पहले आटा पीसके जाता है, ये कभी सुना नहीं."

मी साऱ्या भाऊबंदांकडे चौकशी केली. ती बाई कोणाचीच नव्हती. योगायोग म्हणावा, तर ते थंड पीठ अजून बोटांना आठवतं. उलगडा आजही नाही.

पुढच्या श्रावणात, निव्वळ संशोधनासाठी, मी पुन्हा उंबऱ्यात ठाण मांडलं. जातं घरघरत होतं. अचानक थांबलं. बिचाऱ्या वहिनीने जात्यात गव्हाची वैरण घालायला सुपात हात घातला होता, दुसरं काही नाही... आणि भरल्या घरात, साऱ्या बायांसमोर, हा व्हर्नाक्युलर फायनल पास माणूस ओरडला —

"माय, मन्ही मूठ ऱ्हाऊ दे!"