गंगासागरचा पेपर

भोकरकडं एक खूळ आहे. पोरगी दहावीला हुशार निघाली की लातुरात खोली करायची आणि रांधायला आईला तिच्यासोबत धाडायचं. गंगासागर तशीच लेकीपायी दोन वर्षं लातुरात राहिली. लेक क्लासला गेली की दिवस खायला उठायचा. भांडी तरी किती वेळ घासणार बाई! शेवटी लेकीनंच तिला मोबाईलवर फुकटचा कोर्स लावून दिला, लहान लेकरांना कसं शिकवायचं याचा. बारावी होताच लग्न झालेलं, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. आता पोळ्या लाटताना कानात मास्तरीणबाई बोलायची आणि हिला सगळं पटापट कळायचं! तिचं तिलाच नवल वाटे.

लेक पुढं शिकायला पुण्याला गेली, गंगासागर गावी परतली, पण कोर्स काही सोडला नाही. म्हणाली, गावात बालवाडी काढते. नवरा अमृतराव खो खो हसला.

"कॉलेजची पायरी चढली न्हाईस, आन मास्तरीण व्हणार? मोबाईलवर कुणी शिकतंय व्हय?"

ही मागं हटेना. तेव्हा त्यानं अट घातली. "कोर्सची परीक्षा पास हो. सोयाबीनची पोती काढून समोरची खोली देतो तुला. न्हाईतर हा नाद सोड."

परीक्षेचं केंद्र आलं नांदेडला, विष्णुपुरीच्या वाटेवरल्या एका कॉलेजात. अमृतरावानंच मोटारसायकलवर नेलं आणि तो टपरीवर चहाला वळला. फाटकाशी ही गर्दी! पोरं आत चाललेली, आया लिंबाखाली. गंगासागर सरळ लिंबाखाली गेली, एकीला जरा सरका म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. लेकीच्या प्रत्येक परीक्षेला तिनं हेच तर केलं होतं! शेजारीण आपल्या पोराचं जागरण सांगत होती, ही मान डोलवत होती. रखवालदार फाटक ओढू लागला.

टपरीवरून अमृतरावानं ते पाहिलं आणि चहा तसाच टाकून तो ओरडत सुटला.

"अगं ए येडे! पेपर तुझा हाय! ऊठ की!"

गंगासागरनं पिशवीतून हॉलतिकीट ओढलं आणि पदर खोचून धूम ठोकली.

"मावशी, पालकांनी भाईर थांबायचं," रखवालदार म्हणाला.

"पालक न्हाई रे बाबा! परीक्षा माझी हाय!"

त्यानं तिकिटावरचा फोटो पाहिला, धापा टाकणाऱ्या बाईकडं पाहिलं आणि फाटक उघडलं.

अमृतराव तिची पिशवी सांभाळत लिंबाखाली बसला. ती बाहेरच राहिली असती तर, हा विचार काही त्याच्या डोक्यातून जाईना.

शेजारणीनं विचारलं, "भाऊ, तुमची पोरगी बसलीय का पोरगा?"

"बायको," तो म्हणाला आणि लाजला. मग त्याला राहवेना. "पळताना बघितलंत का तिला?"

जरा वेळानं त्यानं गड्याला फोन लावला. "व्यंकटी, समोरच्या खोलीतली पोती हलव."

"मालकीणबाई पास झाल्या का, मालक?"

"पेपर चालू हाय अजून. तू हलव."