टोपलीतले धवले

निसीम दिघोडकरांना माणूस आवडायचा तो अडलेला. सरळ चालणाऱ्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं खांबावर चढउतार करून ते रिटायर झाले आणि पनवेलच्या जुन्या घराची पडवी त्यांनी भंगारातल्या कॉम्प्युटरांनी भरली. ही मढी लिनक्स नावाच्या फुकटच्या सिस्टिमवर अजून दहा वर्षं चालतात, हे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं शोधलं. कुठल्या क्लासला गेले नाहीत, कुणा इंजिनिअरचे पाय धरले नाहीत. मग लक्षात आलं, की ही सिस्टिम बनवणारे शहाणे ती एकमेकांसाठीच बनवतात. मच्छीवाली समोर बसली, की थोबाडीत बसल्यासारखी नुसती बघत राहते. निसीमकाकांनी त्या शहाण्यांच्या इंटरनेटवरच्या ग्रुपात ठणकावलं, "फुकटचं जेवण वाढता आणि ताट माळ्यावर ठेवता, हे कसले उपकार?" उत्तर आलं, "मग तुम्हीच खाली उतरवून दाखवा."

झालं. चार वर्षं खपून काकांनी त्या सिस्टिमचा आपला अवतार काढला. नाव 'ओसरी'. बटणं कमी, चित्रं मोठी, शब्द जवळजवळ नाहीत. "वाचायला लागलं की माणूस बिचकतो. चित्र बघून कळलंच पाहिजे," हा त्यांचा हट्ट.

शिरढोणला महिला मंडळाच्या खोलीत त्यांनी चार मशीन मांडली. सोमवार, बुधवार, शुक्रवार वडापच्या रिक्षानं जायचे. बाईला मशीनसमोर बसवायचं, एक काम सांगायचं आणि पाठीमागं उभं राहायचं. ती अडली तरी सांगायचं नाही. कुठं अडली, किती वेळ, काय पुटपुटली, ते वहीत टिपायचं. "मी सांगितलं तर मशीन सुधारणार कसं? मी काय प्रत्येकीच्या घरी जाऊन उभा राहणार आहे?" यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुणी काढली नाही. एक बाई रडत उठून गेली, तेव्हा काकांनी लिहिलं, 'अकरा मिनिटं टिकली.'

त्यांची बायको हेप्झिबा एकदा वही चाळून म्हणाली, "तुम्ही त्यांना शिकवता की गळाला लावता?"

"शिकवत नाही. बघतो."

"गळ टाकणाराही तेच करतो."

त्या खोलीत रंभा घरत सगळ्यात चिवट. तिची आई मालू ही नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटाइतकाच मान धवलारणीला. ती धवले गाते, तेव्हा हळद लागते, मांडव भरतो. आजूबाजूच्या गावांतल्या दोन पिढ्यांची लग्नं मालूनं लावली आणि त्या धवल्यांतली एक ओळ कुठं लिहिलेली नव्हती. रंभानं दोन वर्षं मागं लागून अडतीस धवले फोनवर घेतले होते. मालू तांदूळ निवडता निवडता गायची आणि मध्येच ओरडायची, "मेले, तो डबा ने माझे तोंडापुढून!" मग दिवाळीत मालूला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिले ते फोनमधले अडतीस. वैशाखात रंभाच्या लेकीचं, भाविकाचं लग्न होतं. आजीचे धवले ऐकून ऐकून पाठ करायचे आणि मांडवात आपण गायचे, एवढं एकच रंभानं धरलं होतं.

फोनची बॅटरी फुगली होती. म्हणून बुधवारी ती खोलीत आली. "काका, मना आयशीची गानी मशीनमदी ठेवायची हायेत."

"ठेव. मी बघतो."

तिनं वायर जोडली, हलवायचा बाण बरोबर ओळखला. आता ठेवायचं कुठं? समोर चार चित्रं होती: कपाट, टेबल, खिडकी, टोपली. टोपली कचऱ्याची होती. परदेशी पत्र्याचा डबा कुणाला कळेना, म्हणून काकांनी बांबूची टोपली काढून घातली होती. त्यांच्या घरचा केर तसाच जायचा. ती दर शुक्रवारी सूर्य मावळताना आपोआप रिकामी व्हायची, कारण त्यांच्या ज्यू घरात शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या कामबंदीचे, दिवे लागायच्या आत सगळं झाडून लख्ख होतं. पण रंभाच्या घराण्यात मिठापासून मच्छीपर्यंत जे काही मोलाचं होतं, ते टोपलीतनं डोक्यावर गेलेलं. कपाट घरात आलं तेच मुळी दोन वर्षांपूर्वी, आणि चावी सासूच्या कमरेला. रंभानं एकेक धवला उचलून टोपलीत ठेवला. फोन रिकामा झाला.

"झाला. बराबर हाय ना काका?"

काकांनी वही उघडली. चार वर्षांत असलं घबाड हाती लागलं नव्हतं. "तुला काय वाटतं?"

"मना तं बराबर वाटतं."

"मग झालं तर." आणि वहीत लिहिलं: 'चूक ४१. रंभा. मोलाची वस्तू टोपलीत. चेहऱ्यावर समाधान. बोलायचं नाही.'

शुक्रवारी साडेपाचला हेप्झिबा टेबलावर पांढरं कापड अंथरत होती आणि शिरढोणहून परतलेले काका फोन हातात घेऊन बसले होते. एक हाक पुरली असती. पण मग एक्केचाळिसावी चूक अर्धीच राहिली असती. टोपली रिकामी दिसल्यावर बाई पहिलं काय करते, कुठं दाबते, दोष कुणाला देते? ते कळल्याशिवाय सुधारायचं काय? आणि पुसलेलं परत आणणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. अर्ध्या पनवेलचं आणून दिलं होतं. त्यांनी फोन ठेवला. सूर्य मावळला.

शनिवारी सकाळी रंभा दारात. धावत आल्यासारखी धापा टाकत.

"काका, टोपली रिकामी हाय!"

"काय केलंस?"

"मी कायतरी केला असंल. माझेच हाताला रोग लागला! सासूनं तर सांगितलाच व्हता, मशीनला हात लावू नको."

दोष स्वतःला देते, काकांनी मनात टिपलं. वही शनिवारी उघडत नसत. "आज शब्बाथ. उद्या येतो. मिळेल तुझं."

"मिलंल ना? नक्की?"

"सांगितलं ना!"

ती पायऱ्या उतरली तशी हेप्झिबा आतून आली. "दुसऱ्यांना पहिलं तेच सांगता ना, मशीन बंद ठेवा, त्यावर नवीन काही टाकू नका म्हणून? हिला का नाही सांगितलंत?"

"आज कामाचं बोलत नाही मी."

"तोंडातनं चार शब्द काढले तर देव रागावेल? त्याच्या नावावर खपवू नका. अजून नाक्यावर असेल. हाक मारा."

त्यांनी मारली नाही. हाक मारली असती, तर रंभानं विचारलं असतं, पुसलं गेलंय हे तुम्हाला कसं ठाऊक? हेप्झिबा चपला अडकवून स्वतः नाक्यापर्यंत गेली. वडाप सुटली होती. रंभाच्या फोननं तर सकाळीच मान टाकली होती.

त्याच दुपारी मंडळाच्या खोलीत मंडपवाला प्रितेश आला आणि गावदेवीच्या जत्रेचं ड्रोननं काढलेलं सगळं शूटिंग त्यानं त्या मशीनवर ओतलं. जागा रिकामीच तर दिसत होती.

रविवारी काका दुपारपर्यंत मशीनला नाक लावून होते. पुसलेल्या जागेवर जत्रेचं शूटिंग बसलं होतं, त्याखालून अडतीसातला एकही धवला आख्खा निघाला नाही. निघाले तीन तुकडे. सगळ्यात लांब एकोणीस सेकंदांचा. घामेजल्या मानेनं ते वळले, तर रंभा टेबलावरची वही वाचत होती. सावकाश, बोट ठेवून.

"बुधवारीच दिसला तुमाला?"

"रंभा, पद्धत अशी आहे. मी सांगितलं असतं तर..."

"तं कय झाला असता?"

काकांनी वहीकडं हात पुढं केला. रंभानं वही मिटली. "चला घरी. आयशीला तुमीच ऐकवा."

मालू खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. काकांनी एकोणीस सेकंदांचा तुकडा लावला. स्वतःचा आवाज ऐकून म्हातारीनं मान वळवली. डोळे मोठे झाले. धवल्यात मांडवाच्या दाराशी नवरी आली, आणि ओळ मध्येच तुटली. मालूनं डावा हात हलवला. पुढं.

"पुढचं नाही मावशी," काका म्हणाले.

हात पुन्हा हलला. त्यांनी तोच तुकडा परत लावला. पुन्हा नवरी दाराशी, पुन्हा तुटलं. मालूचे ओठ वळवळले, कोरड्या रहाटासारखा एक आवाज आला आणि लाळ गळली. रंभानं ती पदरानं पुसली.

"परत लावा," ती म्हणाली.

सहाव्यांदा म्हातारीनं काकांच्या मनगटाला नखं लावली. काकांनी रंभाकडं पाहिलं. ती जागची हलली नाही.

"तिला वाटतं, तुमी मुद्दाम थांबवता."

वैशाखात भाविकाचं लग्न झालं. प्रितेशचा डीजे होता. रंभा मांडवात नवऱ्याकडच्यांना पाणी देत फिरली. कुणीतरी विचारलंच, "मालूची लेक ना तू? मग धवलं?" ती पाण्याचा जग घेऊन पुढच्या पंगतीला गेली.

त्याच महिन्यात 'ओसरी' नव्यानं निघाली. आता टोपलीत ठेवलेलं विचारल्याशिवाय पुसलं जात नाही. ग्रुपातल्या शहाण्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली. इतक्या साध्या गोष्टीकडं आमचं लक्षच नव्हतं, म्हणाले. तीन देशांतून अभिनंदनं आली. काकांनी बदलांच्या यादीत इमानानं नावही घातलं: 'टोपलीतली सुधारणा शिरढोणच्या रंभा घरत यांच्या सूचनेवरून.'

हेप्झिबानं चष्मा लावून ते वाचलं. "तिनं सूचना कधी केली?"

काका अभिनंदनांना उत्तरं देत होते. एकेकाला, मन लावून.